घोडा दुसऱ्याचा, हेल्मेट आपलं

वाचकांचे प्रश्न : मुलं आणि घोडेस्वारी

अकलूजचा घोडेबाजार भरला की आणि शाळांना सुट्टी लागली की, अशा दोन वेळी या सदराकडे पत्रं जास्त येतात. पहिल्या वेळी वडिलांची, दुसऱ्या वेळी आयांची. वडील विचारतात घोडा कुठला घ्यावा, आया विचारतात पोर पडलं तर काय. आयांचा प्रश्न जास्त शहाणपणाचा, म्हणून या खेपेला तोच आधी घेतो. मी घोडदळात नोकरी केलेला आणि निवृत्तीनंतर सोलापुरात पोरांना स्वारी शिकवणारा माणूस आहे. दुखण्याखुपण्याचं येईल तिथे मी डॉक्टरकडेच बोट दाखवणार. बाकीचं माझ्या जबाबदारीवर.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी घोड्यावर बसली तेव्हापासून तिने शिकायचा धोशा लावलाय. विजापूर रोडला शहराबाहेर सुट्टीतला वर्ग आहे. आठवड्याला तीन दिवस, महिना ५,००० रुपये. शिवाय बूट, ब्रीचेस, हातमोजे, छातीचं जाकीट आणि हेल्मेट अशी १४,००० रुपयांची यादी हातात दिली आहे. मिस्टर म्हणतात, एवढे घालवण्यापेक्षा अकलूजहून ८०,००० ला घोडीच आणू, गावाकडे शेत आहेच. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला हे नको. धोका खरंच किती, आणि खर्च किती धरावा?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, धोका आहे. ‘काही होत नाही ओ’ असं सांगणाऱ्या शिक्षकाकडे मुलीला पाठवू नका. घोडा साडेतीनशे-चारशे किलोचा, आणि जातीचा भित्रा. आधी पळायचं, मग कशाला पळालो ते बघायचं, हे त्याच्या हाडीमाशी आहे. वाऱ्याने कॅरीबॅग उडाली तरी तो बुजतो, एकदम बाजूला उडी घेतो, आणि वर बसलेलं पोर खाली येतं. मनगट किंवा हात मोडणं हे त्यातलं नेहमीचं. जिवावर बेततं ते डोक्याला लागलं तर. आणि सगळेच अपघात खोगिरावरून पडून होत नाहीत. मागून गेलं म्हणून लाथ बसते, पायावर खूर पडतो, दोरी हाताला गुंडाळून धरली म्हणून फरफट होते. चांगला शिक्षक पहिल्या दिवशी मुलीला घोड्यावर बसवणारच नाही. घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ कसं जायचं हे दाखवेल, कारण अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं घोड्याला दिसत नाही.

आता तुमची यादी. त्यातलं हेल्मेट ठेवा, बाकी सगळं खोडा. ब्रीचेसऐवजी आतून जाड शिवण नसलेली, पायाला घट्ट बसणारी साधी पँट चालते. बुटाचं म्हणाल तर शाळेचा काळा बूट घरात असेलच: गुळगुळीत तळ, मागे बोटभर टाच. हेच हवं असतं. टाचेमुळे पाऊल रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, पुढे सरकत नाही, आणि गुळगुळीत तळामुळे पडताना अडकत नाही. जाड, खाचाखाचांच्या तळाचे खेळाचे बूट यात वाईट, आणि सँडल तर नाहीच. रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे ओढलं जाणं हा या खेळातला सगळ्यात ओंगळ प्रकार आहे. म्हणूनच वर्गात मुलांसाठी बाजूला रबराची पट्टी असलेल्या रिकिबी आहेत का, ते विचारा. जोर आला की ती पट्टी सुटते आणि पाय मोकळा होतो.

हेल्मेट मात्र घोडेस्वारीचंच. क्रिकेटचं नाही, सायकलचं नाही, बाबांचं स्कूटरचं तर मुळीच नाही. दोन-तीन हजारांपासून मिळतं. दुकानात मुलीला सोबत न्या. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे. पट्टा न लावता तिला मान हलवायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून एक माप मोठं घ्यायची आपली सवय इथे सोडा. वर्गातली सामायिक हेल्मेटं किती वेळा आपटली आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून हा एक खर्च स्वतःचा करा.

वर्ग बघायला एकदा सकाळी सहाला, न सांगता जा. शिक्षक मुलाला वर चढवण्याआधी तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, स्वतः तपासतो का, ते बघा. घोडे लबाड असतात. तंग आवळताना पोट फुगवून धरतात, चार पावलं चालले की श्वास सोडतात आणि खोगीर सैल पडतं. म्हणून तंगाखाली दोन बोटं घालून बघायचं, आणि पाच-दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा बघायचं. हे दुसऱ्यांदा बघणारा शिक्षक दिसला की फी भरून टाका. नवशिक्या पोराला तो लांब दोरीवर गोल फिरवत असेल, म्हणजे घोडा शिक्षकाच्या ताब्यात आणि पोराचं लक्ष फक्त मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, जमवण्यावर. मांड पक्की झाल्याशिवाय लगाम हातात देणारा उतावळा समजा. जमीनही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि पावसात साबण. रिंगणात वाळू हवीच. आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा साडेआठनंतर घोडाही बाहेर नको आणि पोरही नको.

आता ८०,००० ची घोडी. मिस्टरांना एका कागदावर हिशेब मांडायला सांगा. घोडीला रोज सात-आठ किलो कडबा किंवा वाळलेलं गवत, वर हरभरा, भुसा, मीठ. दिवसाला ३०० रुपये धरले तरी महिन्याला ९,००० झाले. सांभाळायला माणूस लागेल, त्याला १२,००० धरा. इथेच २१,००० झाले. दर दीड महिन्याने नालबंद, जंताचं औषध, लस, वर्षातून एकदा दातांच्या धारा कानशीने घासून घेणं, हे वेगळं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट धरलं की रात्री दोन वाजता डॉक्टर शोधत फिरावं लागतं. वर्गाचे ५,००० यापुढे स्वस्तच म्हणायचे, कारण हा सगळा ताप त्यात वर्गवाल्याचा असतो. शिवाय घोडी पंचवीस वर्षं जगते. तुमची लेक सहा महिन्यांनी स्केटिंग म्हणाली तर?

बाजारातला भाव कशावर ठरतो तेही ऐका. उंची किती इंच, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का, अंगावर केसांचे भोवरे कुठे, नाचते कशी. पोराला हवी असते बारा-पंधरा वर्षांची, दिसायला बेताची, आळसटलेली घोडी, आणि तिच्याकडे बाजारात कुणी वळूनही बघत नाही. नाचणारी घोडी तर घरी आणूच नका. ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलायला तिला शिकवलेलं असतं, आणि शेजारच्या गल्लीत मिरवणूक निघाली की तिला वाटतं आपलीच पाळी आली. दोन वर्षं शिकून मुलगी तितकीच वेडी राहिली, तर मग भीमथडीचं तट्टू बघू. आपल्याच भीमाकाठची जात, बुटकी, काटक, आणि आता देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदीत दाखल झालेली. तोवर घोडा दुसऱ्याचा आणि हेल्मेट आपलं.

सासूबाईंशी मी भांडणार नाही. कोल्हापूरला गेल्यावर त्यांना घोड्यावर स्वार झालेल्या ताराराणींचा पुतळा दाखवा. आणि हेही सांगा की २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये (घोड्याला आखीव चालीत चालवण्याच्या प्रकारात) सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. १९८२ नंतर घोडेस्वारीत आपल्याला आलेलं ते पहिलं सुवर्ण. या खेळात मुली आणि मुलगे वेगवेगळे खेळतच नाहीत, एकाच रिंगणात उतरतात.

प्रश्न : पालखी सोहळ्यात सदाशिवनगरचं गोल रिंगण बघितल्यापासून माझ्या दहा वर्षांच्या मुलाला घोड्याचं वेड लागलंय. आमच्या ओळखीत एक घोडेवाले आहेत, लग्नाच्या वरातीला घोडा देतात. लग्नसराई नसताना ते रोज तासाला १०० रुपयांत घोडा द्यायला तयार आहेत. घोडा बँडमध्येसुद्धा शांत उभा राहतो. त्यांच्याकडेच शिकवलं तर?
— एक वडील, पंढरपूर

उत्तर : मालक, घोडा शांत आहे याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो कुणाच्या हातात शांत आहे? वरातीत त्याचं तोंड सईसाने (घोडा सांभाळणाऱ्याने) धरलेलं असतं, आणि वर बसलेल्या नवरदेवाने फक्त घाबरायचं असतं. स्वाराच्या पायाचा, बैठकीचा इशारा त्या घोड्याला कधी कुणी दिलेला नाही, त्याला तो कळणार कसा? सईसाने दोरी सोडली की तो एकतर जागचा हलणार नाही, नाहीतर घराच्या दिशेने सुटेल.

एक गोष्ट जाऊन बघा. त्याच्या तोंडातली कडी काढायला सांगा आणि ती हातात घेऊन अंगठा फिरवा. काटे किंवा टोकं लागली तर तिथूनच परत फिरा. असला काटेरी लगाम कायद्याने बंद आहे, तरी वापरला जातो. त्या घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात जुने वण दिसतील. पोराने घाबरून लगाम ओढला की घोड्याला कळ येते, मग तो झाड होतो, म्हणजे मागच्या दोन पायांवर उभा राहतो. कधी पाठीवरही कोसळतो. यात घोड्याचा काही दोष नसतो.

रिंगणाचं म्हणाल, तर तिथे धावणारे दोन अश्व तुमच्या मुलाने पाहिले. एकावर स्वार असतो आणि माउलींच्या अश्वावर कुणीच बसत नाही. एवढ्या गर्दीत ते धावतात यामागे काय मेहनत असते, हे त्या अश्वांना सांभाळणाऱ्यांना विचारावं. ते बघून आपल्याही दारचा घोडा तसाच धावेल असं पोराला वाटलं तर नवल नाही, पण तुम्हाला वाटू नये.

घोडेवाल्यांकडून एक मात्र जरूर शिका. मुलाला आठवड्यातून दोन सकाळी त्यांच्याकडे खरारा करायला, पाणी पाजायला, खूर साफ करायला पाठवा. बसायचं नाही. वेड टिकलं तर पुढे वर्ग शोधा. १०० रुपये त्यांना याचेही द्या, त्यांच्या रिकाम्या दिवसांना आधार होईल.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा वर्गात घोड्यावरून पडला. डोकं हेल्मेटसकट जमिनीवर आपटलं. ‘आत्ताच्या आत्ता वर बसला नाही तर भीती कायमची बसेल’ म्हणून शिक्षकाने त्याला लगेच पुन्हा घोड्यावर बसवलं. घरी येताना रिक्षात त्याला एकदा उलटी झाली. मनगटही दुखत होतं, त्याला आम्ही हळद लावली. आता तो बरा आहे, पण वर्गाला जायला तयार नाही. काय करावं?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, हे वाचून आधी रागच आला, पण तुमच्यावर नाही. डोकं आपटल्यावर उलटी, गुंगी, डोकेदुखी, तेच तेच विचारणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला डॉक्टरकडे जायचं असतं. अजून दाखवलं नसेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आजच जा. मेंदूला धक्का बसला असेल तर दुसरं आपटणं पहिल्यापेक्षा वाईट पडतं. म्हणून डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत घोडा, सायकल, क्रिकेट सगळं बंद. मनगटाचा एक्स-रे काढून घ्या. या वयात हाडांची वाढ टोकाशी चालू असते, तिथलं मोडणं वरून मुरगळल्यासारखंच दिसतं. आणि कुठे खरचटलं असेल तर धनुर्वाताच्या लसीचं विचारा. दहाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) सुई असते, ती पुष्कळांची राहून जाते, आणि घोड्याच्या लिदीने भरलेली माती म्हणजे धनुर्वाताच्या जंतूंचं माहेरच.

‘पडला की लगेच चढव’ ही जुन्या घोडदळाची रीत. आम्हालाही तशीच शिकवली, कारण परेड थांबवायची सोय नव्हती. अकरा वर्षांच्या पोराला कसली परेड? पडल्यावर आधी त्याला जागेवर राहू द्यायचं, मान-पाठ दुखते का विचारायचं. दुखत असेल तर हलवायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. नसेल तर सावलीत बसवायचं. डोक्याला काही झालेलं नसेल, पोर स्वतःहून म्हणत असेल, तरच त्या दिवशी दोरीवर दोन फेऱ्या. डोकं आपटलं असेल तर त्या दिवसाचा विषय संपला.

ते हेल्मेट फेकून द्या. बाहेरून चरा नसला तरी आतला फोम एकदाच दबतो, तो पुन्हा फुगत नाही. फेकताना पट्टा कापा, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.

भीतीचं काय? ती त्याने ठेवली तर ठेवू दे. घोडेस्वारी ही काही दहावीची परीक्षा नाही. जायचं म्हणालाच तर दुसरा शिक्षक शोधा, आणि पहिले काही दिवस नुसता घोड्याजवळ उभा राहू द्या.

प्रश्न : आमची घरच्या सगळ्यांची मेडिक्लेम आहे. मुलगा घोडेस्वारी शिकतो. उद्या काही झालं तर कंपनी ‘साहसी खेळ’ म्हणून हात वर करेल, असं ऑफिसातला एक जण म्हणतो. खरं का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : तुमचा सहकारी अर्धंच पान वाचून बोलतोय. आरोग्य विम्यातला जो ठरलेला अपवाद आहे, तो व्यावसायिक म्हणून धोक्याच्या खेळात भाग घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्या यादीत घोड्यांच्या शर्यतीचं नाव आहे. हौसेने शिकणारं शाळकरी पोर त्यात सहसा बसत नाही. अपघात विमा वेगळा काढला असेल तर मात्र त्याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या निराळ्या, त्या वाचा. कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागा, एजंटाच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर राहू नका. आणि वर्गवाले सही करायला जो कागद देतात, ‘अपघातास आम्ही जबाबदार नाही’ वगैरे, तो वाचून त्याची एक प्रत घरी ठेवा.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, दोन वर्षं शिकतोय, उडी मारायलाही लागलाय. स्पर्धेत उतरायचं म्हणतो. झेपेल का?
— एक वडील, मोहोळ

उत्तर : स्पर्धेचा खर्च वेगळाच असतो: घोड्याची ने-आण, तबेल्याचं भाडं, प्रवेश फी, सोबतच्या माणसाचं राहणं. घरचं उत्पन्न बघून मुलाशी मोकळं बोला, त्याला कळतं. दुसरी एक वाट आहे. एनसीसीत रिमाउंट अँड व्हेटर्नरी म्हणजे घोडेस्वारीची पथकं असतात. ती सगळीकडे नाहीत, पण पुढे कॉलेज निवडताना हे डोक्यात ठेवलं तर सरकारी घोड्यावर बसायला मिळेल. आणि उडी मारतोय म्हणता, तर आता छातीचं जाकीट घ्या. वर आठ वर्षांच्या मुलीच्या यादीतून मी तेच खोडलं आहे, कारण ती अजून दोरीवर गोल फिरणार आहे. तुमचा मुलगा अडथळ्यावरून जातो, त्याला त्याची गरज आहे.

प्रश्न : आजोबा, मी सहावीत आहे. आमच्या घोडेस्वारीच्या वर्गातली राणी घोडी मला बघितलं की मान हलवते. मी तिला रोज गूळ देऊ का? आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतं तेव्हा ती घाबरत असेल का?
— एक मुलगी, सोलापूर

उत्तर : घाबरते तर काय! तिचे कान फार तिखट असतात. वर्ग शहराच्या जवळ असेल तर त्या रात्री तिला बंद तबेल्यात ठेवलं पाहिजे, आणि ओळखीचा सईस जवळ हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर बसू नकोस, रात्रभर झोप झालेली नसते. सरांना तू स्वतः जाऊन विचार, ‘राणीला कुठे ठेवणार?’ म्हणून. मोठ्यांना असं कुणी विचारलं की ते नीट वागतात.

राणी मान हलवते ती तुझ्यासाठी की तुझ्या खिशासाठी, हे तिलाच ठाऊक. रोज हातातून गूळ मिळायला लागला की घोडे खिसे हुंगतात, मग ओढतात, मग चावतात. चावली तर लपवू नकोस, लगेच घरी सांग आणि डॉक्टरांना दाखव. आधी सरांना विचार, कारण काही घोड्यांना गोड चालत नाही. त्यांनी हो म्हटलं तर बोराएवढा खडा, आणि तोही स्वारी झाल्यावर, तिच्या बादलीत टाकायचा. हातावर द्यायचाच हट्ट असेल तर तळहात सपाट ठेव आणि अंगठा चिकटवून घे, नाहीतर तिला तो गाजर वाटेल.